सहासष्ट कूपनांचा पोशाख

१९४१ सालच्या जून महिन्याची पहिली तारीख. ख्रिस्ती लोकांच्या एका सणाचा तो रविवार होता आणि सोमवारीही सुट्टी असल्यामुळे दुकाने बंद राहावयाची होती. त्या दिवशी सकाळी ब्रिटनच्या व्यापारखात्याचे मुख्य ऑलिव्हर लिटलटन यांचा आवाज नभोवाणीवरून घरोघर ऐकू आला, आणि त्याबरोबर त्या देशात केवळ पैसे मोजून कापड मिळण्याचे दिवस संपले. यापुढे अंगावरच्या बहुतेक प्रत्येक वस्त्रासाठी पैशाबरोबर सरकारी कूपने मोजावी लागतील, असे त्यांनी जाहीर केले. ही वार्ता आधी फुटली असती तर ऐपतवाल्यांनी एका दिवसात दुकाने रिकामी केली असती. म्हणून गुप्तता इतकी कडक पाळण्यात आली की, नवी कूपने छापण्याचेही टाळले. लोकांच्या हाती असलेल्या शिधापुस्तकातील मार्गारीनची जी कूपने वापरावाचून उरली होती, तीच सुरुवातीस कापडाची कूपने म्हणून चालतील असे ठरले. लोण्याच्या ऐवजी खाण्याच्या त्या पदार्थाच्या चिठ्ठीवर सदरा मिळू लागला!

श्रोतेहो, ही हकीकत युद्धाच्या इतिहासातील एक गंमत म्हणून मी सांगत नाही. अंगावर घालावयास माणसाला किती वस्त्रे लागतात आणि थोडक्या वस्त्रांत नीटनेटके कसे राहावे, हा प्रश्न प्रत्येक संसारात केव्हा ना केव्हा उभा राहतो. बहुधा आपण त्याचे उत्तर आवडीनिवडीवर किंवा खिशावर सोपवितो. परंतु येथे एका संपूर्ण राष्ट्राला त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत द्यावे लागले, आणि ते देताना साधेपणाविषयीच्या आपल्या कित्येक समजुती कसोटीला लागल्या.

सरकारने असा निर्णय का घेतला ते प्रथम पाहू. सैन्याच्या गणवेशांसाठी कापड हवे होते. कापूस आणि लोकर आणणाऱ्या जहाजांत दारूगोळ्यासाठी व धान्यासाठी जागा हवी होती. शिवाय कापडाच्या धंद्यात गुंतलेले सुमारे साडेचार लाख कामगार युद्धसामग्रीच्या कारखान्यांकडे वळविता येतील असा हिशेब होता. कापड कमी झाले की भाव चढतात, आणि भाव चढले की गरिबाने उघडे राहावयाचे व श्रीमंताने मिरवावयाचे असे होते. म्हणून जे आहे ते सर्वांना सारखे वाटून द्यावे, हे तत्त्व स्वीकारले गेले.

पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढ माणसास ६६ कूपने मिळाली. पुरुषाच्या कोटास १३, जाकिटास ५ आणि पाटलोणीस ८, म्हणजे एका संपूर्ण सुटास २६ कूपने पडत. आता एखाद्या नोकरी करणाऱ्या स्त्रीने आपली कूपने कशी खर्च केली असती, ते जमाखर्चाच्या वहीप्रमाणे मांडून पाहू. थंडीचा लांब कोट १४, आखूड कोट ११, स्कर्ट ७, दोन ब्लाउज प्रत्येकी ५ प्रमाणे १०, लोकरीचा एक झगा ११, पादत्राणांचा जोड ५, आणि लांब पायमोज्यांचे चार जोड प्रत्येकी २ प्रमाणे ८. बेरीज बरोबर ६६ होते. वर्ष संपले! यात एकही अंतर्वस्त्र नाही, रात्री घालावयाचा पोशाख नाही, हातरुमालसुद्धा नाही. कारण दोन हातरुमालांनाही १ कूपन द्यावे लागे. आणि ही चैनीची मर्यादा पुढे आणखी खाली आली. १९४२ मध्ये आकडा ४८ वर आणि १९४३ मध्ये ३६ वर उतरला. युद्ध संपल्यानंतर, १ सप्टेंबर १९४५ पासून ३० एप्रिल १९४६ पर्यंतच्या आठ महिन्यांत तर अवघी २४ कूपने मिळाली, म्हणजे महिन्यास तीन.

वरच्या यादीकडे पुन्हा एकदा पाहिले म्हणजे थोडक्या कपड्यांचे शास्त्र आपोआप उलगडते. आखूड कोट, स्कर्ट आणि दोन ब्लाउज ही चार वस्त्रे एकमेकांशी जुळणारी असतील, तर त्यांतून आठवडाभर वेगळे दिसणारे पोशाख निघतात. त्यांतले एक जरी इतरांशी फटकून असेल, तर त्याची कूपने वाया गेली. एरवी आपण प्रत्येक कपडा स्वतंत्रपणे पारखतो. रंग आवडला, पोत आवडला, घेतला. कूपने मोजून देणाऱ्या गृहिणीला मात्र नवा कपडा घरातील जुन्या कपड्यांच्या पंक्तीला बसतो की नाही हे आधी पाहावे लागे. पेटीतील कपड्यांची संख्या नव्हे, तर त्यांचा परस्परांशी असलेला सलोखा ही खरी संपत्ती, हा धडा टंचाईने शिकविला.

परंतु येथेच या समतेतील एक मोठे व्यंग उघडे पडले. कूपने सर्वांना सारखी मिळाली, तरी पेट्या काही सारख्या नव्हत्या. ज्या घरी युद्धापूर्वी उत्तम शिंप्याकडून शिवलेले दहा सूट टांगलेले होते, त्या घरच्या माणसाला ६६ कूपने म्हणजे वरकड भर होती. ज्याच्याकडे अंगावरचा एकच कोट होता आणि तोही विरलेला, त्याला त्याच ६६ कूपनांत सारे उभारावयाचे होते. शिवाय लोकरीच्या उंची झग्याला ११ कूपने आणि स्वस्तातल्या हलक्या लोकरी झग्यालाही ११ च. उंची झगा पाच वर्षे टिके. हलका झगा वर्षभरात गुडघ्याकोपरांशी झिजे. म्हणजे गरिबाचे कूपन श्रीमंताच्या कूपनापेक्षा लवकर संपे. संख्या समान करून न्याय होत नाही. वस्तूचा टिकाऊपणाही समान करावा लागतो.

या व्यंगावर जो उपाय योजला गेला, तो मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. सरकारने ‘युटिलिटी’ या नावाची योजना काढली. कोणत्या कापडात सूत किती असावे, वीण किती घट्ट असावी, याचे नियम ठरविले. त्या कापडाच्या कपड्यांचे भाव बांधून दिले. आणि १९४२ पासून त्यांवरील खरेदीकरही माफ केला. अशा कपड्यावर ‘सी सी ४१’ अशी खूण असे. रेजिनाल्ड शिप यांनी ती रेखाटली होती. त्यातील दोन ‘सी’ अक्षरे काप काढलेल्या चीजच्या चकत्यांसारखी दिसत, म्हणून लोक त्या खुणेला थट्टेने ‘चीज’ म्हणू लागले. एवढ्यावर न थांबता व्यापारखात्याने लंडनमधील नामांकित वेषरचनाकारांच्या संस्थेकडून नमुने करवून घेतले. राजघराण्याचे पोशाख बेतणारे नॉर्मन हार्टनेल, तसेच हार्डी एमीस, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टीबेल अशा मंडळींनी कारकुनीच्या आणि कारखान्याच्या कामावर जाणाऱ्या बायकांसाठी कपडे बेतले. त्यांचे मूळ नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेले आहेत. खांदे रेखीव, कमर नेमकी, कापड अगदी बेताचे! दिखाऊपणाचा लवलेश नाही. तथापि कपडा अंगावर बसला पाहिजे आणि टिकला पाहिजे, या दोन गोष्टींत तडजोडही नाही.

अर्थात सरकारी शहाणपणालाही सीमा असते. १९४२ च्या काटकसरीच्या हुकुमांनी स्त्रियांच्या झग्याला दोनच खिसे आणि पाचच गुंड्या ठेवल्या, स्कर्टच्या चुण्यांची संख्या ठरवून दिली, आणि पुरुषांच्या पाटलोणीच्या पायाशी उलटून शिवावयाची पट्टी बंद केली. स्त्रियांनी आपले हुकूम बऱ्याच अंशी निमूटपणे स्वीकारले. पुरुष मात्र त्या चार बोटांच्या पट्टीसाठी हळहळले. कित्येकांनी मुद्दाम लांब पाटलोणी विकत घेऊन घरी त्या दुमडून शिवल्या आणि कायद्याला बगल दिली. व्यापारखात्याचे तेव्हाचे मुख्य ह्यू डाल्टन यांनी यावर सुनावले की, या युद्धात कोणाला प्राण आणि अवयव गमवावे लागत आहेत, तर कोणाला केवळ पाटलोणीची पट्टी. तरीही १९४४ च्या आरंभी पुरुषांच्या सुटावरील हे निर्बंध उठवावे लागले. माणूस साधेपणा आनंदाने पत्करतो. पण त्याला ओशाळवाणे वाटेल अशी सक्ती तो फार दिवस सोसत नाही.

नवे कमी मिळू लागले तेव्हा जुन्याकडे लक्ष गेले. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’, म्हणजे ‘आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा’, या नावाची पुस्तिका काढली. कसरीपासून लोकर कशी राखावी, विटलेला स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा कसा विणावा, झिजण्यापूर्वीच कोपरांना अस्तर कसे लावावे, याची त्यात माहिती होती. गावोगावी शिवणाचे वर्ग निघाले. मुलांचे आखूड झालेले कपडे देऊन मोठ्या मापाचे घेण्यासाठी स्त्रियांच्या स्वयंसेवक संस्थेने अदलाबदलीची केंद्रे चालविली. मध्यभागी विरलेली चादर उभी फाडून तिच्या धडक्या कडा मध्ये जोडण्याची युक्ती तर घरोघर चालू होती.

ही शेवटची युक्ती ऐकून आपल्याकडील जुन्या पिढीच्या बायका गालातल्या गालात हसल्या असत्या. लुगडे विरले की त्याचा फाटका भाग काढून धडके तुकडे जोडणे याला त्या ‘दंड घालणे’ म्हणत, आणि दंडाचे लुगडे नेसण्यात संसारी बाईला कमीपणा वाटत नसे. त्या लुगड्याचे पुढे बाळाचे दुपटे होई, मग गोधडी, आणि अखेरीस चुलीजवळचे पोतेरे. मात्र ही काटकसर साधली ती लुगड्याचे मूळ सूत कसदार होते म्हणून. विरविरीत कापडाला दंड घालावयास शिवण तरी कोठे धरणार?

महायुद्धाच्या त्याच काळात आपल्या देशातही कापडाची टंचाई झाली. गिरण्यांचे कापड लष्कराकडे जाऊ लागले, भाव कित्येक पटींनी चढले, आणि १९४३ च्या जूनमध्ये कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. कापडावर कमाल किंमत छापण्याची सक्ती झाली. परंतु छापील किमतीचे कापड दुकानाच्या फळीवरून नाहीसे होई आणि मागल्या दाराने चढ्या भावाने निघे. ‘काळाबाजार’ हा शब्द घराघरात पोहोचला तो याच दिवसांत. १९४८ च्या आरंभी नियंत्रण उठविले, तेव्हा भाव पुन्हा भडकले आणि त्याच वर्षी ते परत बसवावे लागले. भावाचा शिक्का मारणे सोपे असते. पण प्रत्येकाच्या वाट्याला धड वस्त्र येईल अशी व्यवस्था लावणे कठीण, हे आपण स्वानुभवाने शिकलो.

ब्रिटनमधील कापडाची कूपने १५ मार्च १९४९ रोजी रद्द झाली. युटिलिटीची योजना १९५२ पर्यंत चालली. दरम्यान १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओर यांनी वारेच्या वारे कापड खाणाऱ्या घेरदार झग्यांची टूम काढली, आणि इतकी वर्षे चुण्या मोजून कंटाळलेल्या बायका तिच्याकडे ओढल्या गेल्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सक्तीचा साधेपणा आणि स्वीकारलेला साधेपणा यांत उपास आणि उपासमार यांच्याइतके अंतर असते.

तथापि, ती कूपने गेली तरी त्यांनी लावलेली दृष्टी ठेवण्यासारखी आहे. नवा कपडा घेताना तीन गोष्टी पाहाव्या. घरातील निदान तीन कपड्यांशी तो जुळतो काय? विरला, उसवला तर तो दुरुस्त होण्याजोगा आहे काय? आणि त्याच्या शिवणीत शिंप्याने पुरेशी माया सोडली आहे काय? देह बदलतो, मुले वाढतात. माया असेल तर कपडा त्यांच्याबरोबर वाढतो. या तीन प्रश्नांना होकार मिळाला तर तो एक कपडा दहांचे काम करील. मात्र दुसऱ्याला साधेपणाचा उपदेश करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न आपण आपल्याला विचारावा हे बरे: ज्याला आपण थोडक्यात भागवावयास सांगत आहो, त्याच्या हाती टिकाऊ वस्त्र आहे काय? थोडक्यात सुखाने भागविता येते ते चांगल्या वस्तूंच्या बळावर. ज्याच्या वाट्याला थोडे आणि तेही विरविरीत आले, त्याला आपण साधेपणा शिकवीत नाही; त्याची केवळ टंचाई त्याला पुन्हा ऐकवीत असतो.