तान

सिंगापूरच्या चिनी समाजात सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. मराठी वर्तमानपत्रांत ते इंग्रजी स्पेलिंगवरून बहुधा ‘टॅन’ असे छापले जाते; होक्कियन बोलीतला उच्चार मात्र ‘तान’ला जवळचा. तेच चिनी अक्षर मँडरिनमध्ये चेन, कँटनीजमध्ये चान आणि व्हिएतनामीत त्रान होते. सिंगापुरात आलेल्या चिन्यांत होक्कियन आणि तिओच्यू बोलणारे बहुसंख्य होते. इंग्रजांच्या दफ्तरात नावे कानांवर पडली तशी उतरली आणि तान रूढ झाले.

चिनी नावात आडनाव आधी येते. मलाक्कात जन्मलेले व्यापारी तान टॉक सेंग (१७९८–१८५०) यांच्या देणगीतून १८४४ मध्ये सिंगापुरात गरिबांसाठी ज्या रुग्णालयाची पायाभरणी झाली, ते आजही त्यांच्याच नावाने चालते. त्यांचे पुत्र तान किम चिंग यांनी तान बेंग स्वी यांच्यासह मॅगझिन रोडवर तान कुळाचे मंदिर बांधले. ते १८७८ मध्ये पुरे झाले. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य, तसे जुन्या चिनी रिवाजात एकाच आडनावात लग्न होत नसे.

रबराचे व्यापारी तान का की (१८७४–१९६१) यांनी १९२१ मध्ये चीनमध्ये शियामेन विद्यापीठ स्थापन केले. सिंगापूरच्या मेट्रोत ‘तान का की’ नावाचे स्थानक आहे. चिनी वेधशाळेने शोधलेल्या २९६३ क्रमांकाच्या लघुग्रहालाही त्यांचेच नाव आहे, पण मँडरिन उच्चाराने: चेन च्यागेंग. दोन्ही नावे एकाच माणसाची, हे माहीत नसेल तर सहज लक्षात येत नाही.

सिंगापूरच्या २७ ऑगस्ट २०११ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत चारही उमेदवार तान होते: टोनी तान, तान चेंग बॉक, तान जी से आणि तान किन लियान. नुसत्या आडनावाने कोणाचाच उल्लेख करता येईना. टोनी तान ३५.२ टक्के मते मिळवून, दुसऱ्या तानपेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून आले.

त्रिकोणमितीतल्या टॅनचा या आडनावाशी संबंध नाही. तो ‘टँजंट’चा संक्षेप, ही संज्ञा डॅनिश गणिती थॉमस फिंके यांनी १५८३ मध्ये वापरली. ४५ अंशांच्या कोनाला त्याचे मूल्य १ येते. कातडे कमावण्याचा इंग्रजी टॅन ओकच्या सालीवरून आला. आपल्या गाण्यातली तान संस्कृत ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूची. मलेशियातला ‘तान श्री’ हा मानाचा किताब आहे, त्यामुळे तिथे एखाद्या तान आडनावाच्या माणसाला ‘तान श्री तान’ही म्हणावे लागते. अमेरिकन कादंबरीकार एमी टॅन यांचे चिनी आडनाव वेगळ्याच अक्षराचे; कँटनीजमध्ये ते ‘ताम’ होते.