नम्रता म्हणजे निमूट ऐकणं का? चूक दाखवली जाते तेव्हा ख्रिस्ती शिकवण काय सांगते

बारामती आणि इंदापूर तालुक्यांना लागूनच दौंड तालुका आहे. त्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं. शहाण्यांचा सल्ला ऐकावा, कोणी चूक दाखवली तर ती नम्रपणे मान्य करावी, ही ख्रिस्ती जीवनातली महत्त्वाची शिकवण आहे. तिचा नेमका अर्थ रमाबाईंच्या आयुष्यातून चांगला समजतो.

बायबल काय सांगतं?

कानउघाडणी ऐकून घेणाऱ्याला ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात शहाणं म्हटलं आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचा गुन्हा तोंडावर सांगितला आणि राजाने तो कबूल केला. सगळे न्यायनिवाडे एकट्याने करू नकोस, हा सासरे इथ्रो यांचा सल्ला मोशेने मानला. अपुल्लोस हा विद्वान वक्ता होता. त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू बनवणाऱ्या जोडप्याने अधिक नीट शिकवलं. म्हणजे चूक दाखवणारी व्यक्ती मोठ्या पदावरच असावी लागते, असं नाही.

चूक सांगायची कशी?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात क्रम दिला आहे. आधी त्या व्यक्तीशी एकट्याने बोलायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. त्यानंतरच गोष्ट मंडळीसमोर आणायची. आज अनेकदा पहिलं पाऊलच स्क्रीनशॉट व्हायरल करण्याचं असतं. हा क्रम त्याच्या अगदी उलट आहे.

रमाबाईंनी काय नाकारलं?

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या मार्गदर्शक होत्या. रमाबाईंचा शाकाहार आणि चर्चच्या काही सिद्धांतांबद्दलचे त्यांचे प्रश्न जेराल्डिन यांना अहंकाराचं लक्षण वाटत. रमाबाईंनी पुरुषांना शिकवण्यालाही बिशपांचा विरोध होता. रमाबाईंनी पत्रांतून आदराने, पण ठामपणे उत्तरं दिली. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटल्यावर दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

मग स्वीकारलं काय?

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंनी विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूंचं ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मचरित्र वाचलं. हॅसलम आधीपासूनच धर्मगुरू होते. तरीही ‘तुमचं खरं परिवर्तन झालेलं नाही,’ असं दुसऱ्या एका धर्मगुरूने त्यांना सांगितलं. ते त्यांना लागलं, पण त्यांनी ते झटकून टाकलं नाही. हे वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांनी पुढे आपल्या लिखाणात उघडपणे मांडलं. तेव्हा त्या देश-विदेशात नावाजलेल्या होत्या आणि शारदा सदन चालवत होत्या.

फरक कसा ओळखायचा?

जेराल्डिन यांना रमाबाईंचं आज्ञापालन हवं होतं. हॅसलम यांच्या पुस्तकाने त्यांना आत डोकावायला लावलं. त्यामुळे कोणी चूक दाखवली की तीन प्रश्न उपयोगी पडतात. सांगितलेलं खरं आहे का? सांगणाऱ्याला समोरच्याचं भलं हवं आहे की फक्त ताबा? आणि राग येतोय तो बोलणं चुकीचं आहे म्हणून, की ते बरोबर आहे म्हणून?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. नम्रतेच्या नावाखाली अन्याय किंवा छळ सहन करायला सांगणं ही दुरुस्ती नाही. त्याला ‘नाही’ म्हणणं नम्रतेच्या विरुद्ध नाही. पण प्रत्येक टीका ‘द्वेष’ म्हणून ब्लॉक केली, तर उपयोगी पडणारा एखादा शब्दही त्यातच निघून जातो.