उपासाचे मेनूकार्ड

चीन, जपान, थायलंड, मलेशिया असा अर्धा आशिया एका छताखाली वाढणाऱ्या उंची रेस्टॉरंटचे मेनूकार्ड हातात आले की आधी उजवीकडचे आकडे दिसतात आणि पोटात गोळा येतो. डावीकडचे शब्द वाचू लागले की तो गोळा जरा विरघळतो, कारण तिथली बरीच रुबाबदार नावे आजारपणातून, भुकेतून नाहीतर सरळ उपासातून वर आलेली आहेत.

रेस्टॉरंट हाच शब्द घ्या. फ्रेंचांकडे तो आधी पातेल्यातल्या रश्शाला लावत. मांस उकळून काढलेले, अशक्त माणसाला तरतरी आणणारे कढण म्हणजे रेस्तोराँ. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये असले कढण विकणाऱ्या जागांना तेच नाव चिकटले. म्हणजे मूळचे हे पथ्याचे दुकान. त्या दुकानात शोभेल असा एक पदार्थ कार्डावर आजही सापडतो: काँजी. काळ्या वाडग्यात येते, वर आल्याचे तंतू आणि कांद्याची पात असते. पण आहे ती भाताची पेज. कँटनचे लोक तिला 'जूक' म्हणतात. काँजी हे नाव आपल्या दक्षिणेतले, तमिळ 'कंजी'. ते पोर्तुगीजांनी उचलले आणि पुढे इंग्रजीत गेले. गार्सिया द ऑर्ता या गोव्यात राहणाऱ्या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात, जो १५६३ साली गोव्यातच छापला गेला, तांदळाच्या या पाण्याचा उल्लेख आहे, तोही रोग्याला पाजायचे पेय म्हणून. कोकणात सकाळी पेज आणि लोणच्याची फोड घेऊन कामाला लागणाऱ्या माणसाला तिची इथली किंमत न सांगितलेलीच बरी.

खरी गंमत टेम्पुराची, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या जपानी कोळंबीची आणि भाज्यांची. पोर्तुगीज जपानला पोहोचले १५४३ मध्ये. सहा वर्षांनी धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि कागोशिमाला उतरला. त्याचे शव आज जुन्या गोव्यात बासिलिकेत ठेवलेले आहे. पुढे नागासाकीला जाणारी पोर्तुगीज जहाजे गोव्याहून मलाक्का, मकाव करत जात. या कॅथलिक पोर्तुगीजांच्या पंचांगात वर्षातून चारदा, ऋतुमानाप्रमाणे, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन-तीन उपास असत. त्यांचे लॅटिन नाव 'क्वात्तुओर तेम्पोरा', म्हणजे चार काळ. मांस वर्ज्य, मासे आणि भाज्या चालत, त्या पिठात बुडवून तळायच्या. या तेम्पोरावरून टेम्पुरा झाला, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे शब्द पोर्तुगीज 'तेम्पेरो'वरून आला, म्हणजे मसाला.

जाणकारांत हा वाद मिटलेला नाही. माझे मत उपासाच्या बाजूने, कारण टेम्पुराच्या पिठात मसाला औषधालाही नसतो. मैदा, अंडे आणि बर्फासारखे गार पाणी. काड्यांनी दोनचार वेढे द्यायचे आणि थांबायचे. गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. भज्यांचे पीठ फेसून फेसून हलके करणाऱ्याला हा निव्वळ आळस वाटेल, पण मैदा घोटला की चिकट होतो आणि आवरण जड पडते. शिवाय पोर्तुगालमध्ये फरसबीच्या शेंगा अशाच पिठात बुडवून तळतात आणि त्या पदार्थाला 'मळ्यातल्या मासोळ्या' म्हणतात. उपाशी माणसाखेरीज शेंगेत मासोळी कुणाला दिसणार?

१६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकलून दिले. शब्द मात्र तिथेच राहिले. पावाला जपानी लोक 'पान' म्हणतात, आणि ते पान व आपला पाव एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. तळलेल्या कोळंबीसाठी इतके मोजताना दादरच्या गाडीवरच्या वडापावाशी तिचे नाते आहे, एवढे समाधान मानून घ्यावे.

कार्डावरचे सर्वांत महाग पान बहुधा 'काइसेकी'चे: इवल्या इवल्या ताटल्या, एकीमागून एक. 'काइ' म्हणजे अंगरख्याची छातीशी येणारी घडी, 'सेकी' म्हणजे दगड. झेन मठातले भिक्षू (झेन म्हणजे चीनमार्गे जपानला गेलेले आपले ध्यान) तापवलेला दगड कापडात गुंडाळून पोटाशी धरत आणि भूक मारत, असे या नावाचे रूढ स्पष्टीकरण आहे. दुःखात आपण काळजावर दगड ठेवतो, ते भुकेत पोटाशी धरत. बिल आले की आपल्या दगडाचीही सोय होते.

आणि शाकाहाऱ्यांच्या रकान्यात 'बुद्धाज डिलाइट' दिसते. चिनी लोक त्याला लोहान जाइ म्हणतात. लोहान म्हणजे आपला अर्हत, जीभ वळेल तसा वळवलेला; जाइ म्हणजे व्रताचे, बिनमांसाचे जेवण. पुन्हा उपासच.

शेवटी गोड. 'सागो गुला मेलाका' असे नाव वाचून काहीतरी दूरचे वाटते. सागो हा मलय 'सागू', ताडासारख्या एका झाडाच्या गाभ्यातला पिठूळ पदार्थ. त्यातूनच आपला साबुदाणा आला. आपला दाणा आता कसाव्याच्या कंदाचा असतो, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला होतो, पण नाव त्या झाडाचेच पुढे चालले आहे. गुला म्हणजे साखर. संस्कृत 'गुड' तिकडे गेला आणि गुला झाला, इकडे राहिला आणि गूळ झाला. मेलाका म्हणजे मलाक्का. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कने दुसऱ्याच वर्षी तेही घेतले. म्हणजे मलाक्काचा ताडगूळ, साबुदाणा आणि नारळाचे दूध, एवढाच ऐवज. एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात त्यातली ही दुप्पट, बिलासकट. परदेशी म्हणून नाक मुरडायला जागा नाही. आपल्या फराळाच्या ताटलीतला बटाटा, शेंगदाणा आणि मिरची कुठे इथली आहेत? प्रश्न उरतो फक्त त्यात घातलेल्या पांडानच्या पानाचा. पण पांडान हा केवड्याच्याच कुळातला. एकादशीला त्याची अडचण येऊ नये. केतकी महादेवाला वर्ज्य मानतात, त्यामुळे शिवरात्रीला मात्र वेटरला आधी विचारून घ्यावे लागेल.