व्याधी राहते, व्यथा हटते

वैद्यकाचा इतिहास बहुधा रोगांवरील विजयांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु रोग हटणार नाही हे निश्चित झाल्यावर वैद्याने काय करावे, या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे. गुदाशयाच्या कर्करोगावरील लेसर-उपचार हे त्यातील एक प्रकरण होय.

गुदाशयात अर्बुद वाढले की मलमार्ग कोंडतो, रक्त जाते आणि शौचाची खोटी, वेदनामय भावना रोग्याला स्वस्थ बसू देत नाही. पोटाला छिद्र पाडून मलाला नवी वाट द्यावी, हा विचार अठराव्या शतकातील फ्रान्सचा. १७७६ साली रुआं येथील पिलोर या शस्त्रवैद्याने तो अशाच एका रोग्यावर अमलात आणला. अठ्ठाविसाव्या दिवशी रोगी दगावला. पण घात केला तो कोंडा फोडण्यासाठी आधी पाजलेल्या पाऱ्याने. पुढे ही शस्त्रक्रिया रूढ झाली. तिने अवरोध सुटे. मात्र पोटावरचे ते द्वार अखेरपर्यंत सांभाळावे लागे. ज्याच्या हाती थोडेच महिने उरले, त्याला हे मोल जड वाटे.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळांत आणखी दोन लेसर निघाले. त्यांपैकी कार्बन डायॉक्साइडचा लेसर बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांचा. त्याचा किरण साध्या काचतंतूतून जात नाही. निओडिमियम-याग लेसरचा जातो. म्हणून शरीराच्या आत शिरण्याचा मान या दुसऱ्याला मिळाला. १९७० नंतरच्या दशकात तो अंतर्दर्शकाच्या नळीतून जठरातील रक्तस्राव थांबवू लागला, आणि १९८० नंतर गुदाशयातील अर्बुदापर्यंत पोहोचला.

उष्णतेने अर्बुदाचा आत आलेला भाग जळून वाट मोकळी होई, रक्त थांबे. पोट उघडावे लागत नसे. परंतु अर्बुद पुन्हा वाढे, म्हणून काही आठवड्यांनी उपचारही पुन्हा करावा लागे. आतड्याला भोक पडण्याचे भय असे आणि आतड्याबाहेर पसरलेल्या रोगापुढे किरण निरुपाय ठरे.

१९९० नंतर आपोआप उमलणाऱ्या धातूच्या जाळीदार नळ्या आल्या आणि लेसरचा वापर ओसरला. गुदद्वाराच्या अगदी जवळ मात्र अशी नळी सलते. तेथे किरणाचे महत्त्व उरलेच. या उपचाराने कर्करोग बरा केला नाही, तसे वचनही दिले नव्हते. शेवटचे दिवस पोटावरच्या छिद्राविना जावेत, एवढेच त्याचे यश होते. आणि ज्यांच्यासाठी ते होते, त्यांना ते थोडे नव्हते.