पुण्यातील शस्त्रबंदी आणि तिला दिलेली आव्हाने

पुण्यात परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला तो प्रामुख्याने 1878 च्या शस्त्र कायद्याने. लॉर्ड लिटनच्या सरकारने मार्च महिन्यात तो संमत केला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच महिन्यातला. हत्यार बाळगणे आणि ते घेऊन बाहेर पडणे या दोन्हींसाठी परवाना सक्तीचा झाला. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र सूट होती. म्हणजे कॅम्पातल्या साहेबाला परवाना लागत नसे, सदाशिव पेठेतल्या माणसाला लागे. लोकांना बंदीपेक्षा हा भेद अधिक झोंबला, आणि पुढची निदान चाळीस वर्षे तक्रारीचा रोख त्याच्यावरच राहिला.

कायदा होऊन वर्ष उलटायच्या आत, 1879 च्या आरंभी, पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह बंड केले. त्यांच्यावरील खटला पुण्यातच चालला आणि बचावासाठी सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली. 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. बंदुका जमवणारा आणि सनदशीर मार्गाने भांडणारा असे दोन्ही पुणेकर त्या न्यायालयात एकाच बाजूला होते.

सनदशीर बाजूने हा कायदा बदलण्याची मागणी काँग्रेसने उचलली. 1887 च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव झाला आणि नंतरही तो विषय पुन्हा पुन्हा येत राहिला. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा बंदी टिकवायला सरकारच्या हाती आयतेच कारण आले. कायद्याने पुण्यात पिस्तूल यायचे थांबले नव्हते, हेही त्याच घटनेतून दिसत होते. वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलून काढण्यात आली, तरी परवान्याची अट कायम राहिली.

1928 च्या नेहरू अहवालात आणि काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत हक्कांत घातला होता. कराची अधिवेशन मार्चमधले. त्याच वर्षी 22 जुलैला फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळी झाडली. हॉटसन बचावले. पुढे डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत हाच हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली. अशा सरसकट हक्काचा लाभ सराईत गुन्हेगारालाही मागता येईल, असा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप होता. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानात उरले ते कलम 19 मधील ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्याचे स्वातंत्र्य आणि कलम 25 मधील शिखांच्या कृपाणाची तरतूद. खरा निकाल तिथेच लागला. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हत्यार घेऊन फिरण्यावरचा न्यूयॉर्कचा निर्बंध रद्द केला, तो तेथील संविधानात हा हक्क लिहिलेला असल्यामुळे. पुण्यातल्या अर्जदाराला तो आधारच नाही.

1959 चा शस्त्र अधिनियम 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. जुलै 1965 मध्ये पुण्यात पोलीस आयुक्तालय आले आणि शहरातील परवान्यांचा अधिकार आयुक्तांकडे गेला. परवाना नाकारायचा तर कारण नोंदवावे लागते आणि नकाराविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते. 2025 मध्ये पुण्यातील अशाच एका अपिलावरून मोठा राजकीय वाद झाला. 2016 च्या नियमांनुसार परवाना असला तरी हत्यार उघडे मिरवता येत नाही. ते झाकलेलेच असावे लागते.

सामान्य पुणेकराला माहीत असतो तो मात्र वेगळाच आदेश. 1951 च्या पोलीस अधिनियमातील कलम 37(1) खाली सण, मोर्चे, निवडणुका आल्या की तो निघतो. शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी, बंदुका, काठ्या, दगड यांच्या यादीतच पुतळे आणि प्रतीकात्मक प्रेतेही असतात. पिस्तूल आणि पुढाऱ्याचा पुतळा एकाच कलमात बसवणे हे या कायद्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मोडल्यास कलम 135 खाली खटला होतो, आणि आदेश रीतसर प्रसिद्ध झाला होता का, हा बचावाचा नेहमीचा मुद्दा असतो.

परवानाधारकांच्या बाजूने महत्त्वाचे ठरले ते मुंबई उच्च न्यायालयात गेलेले 2009 चे प्रकरण. निवडणूक लागली की सगळ्यांनीच हत्यारे पोलिसांकडे जमा करावीत, या सरसकट हुकमाला त्यात आव्हान होते. त्यानंतर छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि दंगलीत सापडलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, अशी पद्धत निवडणूक आयोगाने घालून दिली. पुण्यातही मतदानाआधी हत्यारे जमा करून घेताना याच छाननीचा आधार घेतला जातो.