अडगळ व मनावरची धूळ

घरांतील अनावश्यक वस्तु काढून टाकाव्या, खोली मोकळी ठेवावी, म्हणजे चित्तहि मोकळें राहतें, हा विचार सांप्रत जणूं परदेशांतून नवीनच आला आहे अशा थाटानें मांडला जातो. आमच्या मतें त्यांत नवलाई थोडी आहे. जुन्या मराठी वाड्यांतील माजघर आठवून पाहावें. भिंतींत कोनाडे, फडताळें व खुंट्या; उजाडलें कीं अंथरुणांच्या वळकट्या होऊन त्या कोपऱ्यांत जात, जेवणें उरकलीं कीं पाट भिंतीशीं उभे राहत, आणि त्याच जागेंत दुपारीं निवडणें-टिपणें व रात्रीं निजणें होई. पुढें टेबल, खुर्च्या, पलंग व कपाटें आलीं. वस्तु जागेवर खिळल्या आणि खोलीला एकच काम उरलें. पूर्वीं अडगळ नव्हतीच असें मात्र कोणीं समजूं नये. ‘असूं दे, लागेल केव्हां तरी’ या एका वाक्यावर माळेच्या माळे भरलेले असत! परंतु ती नजरेआड असे, आणि दिवाळीपूर्वीं निदान एकदां तिचा निकाल लागे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नवी केरसुणी आणून तिलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहणाऱ्या समाजास झाडलोटीचें माहात्म्य कोणीं नव्यानें काय सांगावें?

तथापि वस्तु कमी झाल्या म्हणजे मन आपोआप प्रसन्न होतें, या म्हणण्याची परीक्षा पाहावयाची तर बंदिवासाच्या खोलीइतकी रिकामी खोली दुसरी कोणती? अशी परीक्षा आमच्या अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यांत झालेली आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद येथें आणून ठेवण्यांत आले. त्यांत नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृति मंडळी होती. नेहरूंचा येथील मुक्काम २८ मार्च १९४५ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक झाला.

लादलेलें रिकामेपण मनुष्यास शांति देत नाहीं, असें या मंडळींचें वर्तन पाहून आम्हांस वाटतें. नेहरूंनीं आल्यावर लवकरच आवारांत फुलझाडांसाठीं वाफे खणावयास घेतले. माती खडकाळ, जुन्या बांधकामांच्या राड्यारोड्यानें व पुरातन इमारतींच्या अवशेषांनीं भरलेली. भर उन्हांत तासन् तास खपून ती त्यांनीं साफ केली. पुढें एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पांच महिन्यांत त्यांनीं येथेंच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. हातांतील कुदळ ठेवून लेखणी घ्यावी आणि भूतकाळ खणावा, असा भाव त्याच्या आरंभींच आला आहे.

मौलाना आझादांची गोष्ट याहून मौजेची. चिमण्यांनीं त्यांच्या खोलीच्या छतांत घरटीं केलीं. दिवसभर कलकलाट, आणि खालीं सारखा काडीकचऱ्याचा वर्षाव. मौलानांनीं त्यांच्याशीं युद्ध पुकारलें, त्यांना हुसकून लावलें. चिमण्या परत आल्या. अखेरीस त्यांनींच तह केला, आणि तहच नव्हे तर तांदुळाचे दाणे घालून त्या पांखरांशीं मैत्रीहि जोडली. घरांत काय ठेवावें व काय काढावें याचा निवाडा असा झाला, कीं केर काढावा, परंतु केर करणाऱ्यास राहूं द्यावें! कोणत्याहि गृहसजावटीच्या ग्रंथांत हा नियम आमच्या पाहण्यांत नाहीं.

ही हकीकत त्यांनीं १९४३ च्या मार्चमध्यें पत्ररूपानें लिहून ठेवली. पुढच्याच महिन्यांत कलकत्त्यास त्यांच्या पत्नीचें निधन झालें. आजार वाढल्याचें कळूनहि भेटीसाठीं सरकारकडे याचना करणें त्यांस मान्य नव्हतें. नित्यक्रम ढळूं न देण्यासाठीं आपण किती धडपडलों, हेंहि त्यांच्या पत्रांत आहे. एका स्नेह्यास उद्देशून लिहिलेलीं हीं पत्रें टपालांत पडणें शक्यच नव्हतें. तीं त्या खोलींत सांठत गेलीं आणि १९४६ सालीं ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. गुबार म्हणजे धूळ, खातिर म्हणजे मन.