साहेब, लेखी द्या

आपल्या मंडळातल्या एका मुलीला यंदा बायर्नच्या कर खात्यात प्रशिक्षणाची जागा मिळाली. सगळं नीट पार पडलं तर ती पुढे पक्की ‘बेआम्टिन’ होईल, म्हणजे सरकारी नोकर, तीही कायमची. उंटरश्लाइसहाइममध्ये पेढे वाटून झाले आणि साताऱ्याहून आजीचा फोन आला. अभिनंदनानंतर लगेच प्रश्न : “बदली कुठे करतील गं?”

मुलीला तो शब्दच कळेना. आईने अर्थ सांगितला, तरी उलगडा होईना. आजी म्हणाल्या, “अगं, सरकार बदललं की वरचे साहेब बदलतात, साहेब बदलले की बदल्या निघतात.” मुलीचा प्रश्न तितकाच सरळ होता : “सरकार बदललं तर माझ्या कामाचा त्याच्याशी काय संबंध?”

इथे वाढलेल्या पोरीला हा भरवसा उपजत वाटतो. पण या भूमीत तो नेहमी नव्हता, आणि ज्या प्रकारच्या कचेरीत ती बसणार आहे तिथे तर मुळीच नव्हता.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला. ९ मार्चला म्युनिकमध्ये बायर्नचं सरकार बाजूला सारून कारभार फ्रान्झ फॉन एप याच्या हाती दिला गेला. त्याच महिन्यात शहराचे महापौर कार्ल शार्नागल यांना पद सोडावं लागलं. आणि ७ एप्रिलला एक कायदा आला, ज्याचं नाव मराठीत साधारण असं होईल : व्यावसायिक सरकारी सेवेच्या पुनर्स्थापनेचा कायदा. नाव वाचून वाटावं, बिघडलेलं काहीतरी दुरुस्त होतंय. आत काय होतं? कलम ३ प्रमाणे ‘आर्य नसलेल्या’ नोकरांना निवृत्त करायचं. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सुरुवातीला तेवढी सूट. कलम ४ प्रमाणे ज्यांच्या राजकीय निष्ठेची खात्री नाही त्यांना काढायचं. आणि कलम ६ : कारभार सुटसुटीत करण्यासाठी कुणालाही निवृत्त करता येईल, तो कामाला सक्षम असला तरीही. मला या तिघांत सहावं कलम जास्त धूर्त वाटतं. त्यात कुणाचा द्वेष दिसत नाही, फक्त व्यवस्थापन दिसतं.

म्युनिकचे विल्हेल्म होएग्नर तेव्हा न्यायखात्यात होते आणि समाजवादी पक्षाचे लोकप्रतिनिधीही. १९२३ च्या हिटलरच्या फसलेल्या उठावाची बायर्नच्या विधिमंडळाने चौकशी केली, तिच्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली. ते आधी ऑस्ट्रियात, मग स्वित्झर्लंडमध्ये पळून गेले.

पण होएग्नर हे अपवाद. बहुतेक कारकून, न्यायाधीश, कर अधिकारी त्याच खुर्च्यांवर बसून राहिले. ऑगस्ट १९३४ मध्ये त्यांना नवी शपथ घ्यावी लागली, देशाच्या संविधानाची नव्हे, नाव घेऊन एका माणसाची. पुढे देश सोडून जाणाऱ्या आणि नंतर हद्दपार केलेल्या ज्यू कुटुंबांकडून कर आणि मालमत्ता वसूल करण्याचं कागदी काम याच कर कचेऱ्यांनी केलं. शिक्के, रकाने, पोच, सगळं नियमाप्रमाणे.

युद्धानंतर होएग्नर परतले, १९४५ मध्ये बायर्नचे मुख्यमंत्री झाले आणि १९४६ च्या बायर्नच्या संविधानाचे एक प्रमुख शिल्पकार ठरले. २३ मे १९४९ च्या ग्रुंडगेझेत्सने कायमस्वरूपी सरकारी सेवा टिकवली. मात्र मे १९५१ च्या कायद्याने नाझी काळातल्या पुष्कळ जुन्या नोकरांनाही परत यायची वाट मोकळी झाली, हेही सांगायला हवं.

त्याच १९४९ मध्ये दिल्लीत आपली घटना समिती याच प्रश्नाशी झगडत होती, फक्त उलट बाजूने. जर्मनीत राज्यकर्त्यांनी सेवा मोडली होती. आपल्याकडे परक्या राज्यकर्त्यांनी घडवलेली सेवा शिल्लक होती आणि तिचं काय करायचं हा पेच होता.

आपल्या ओळखीचं उदाहरण चिंतामणराव देशमुखांचं. महाडजवळच्या नाते गावात १८९६ मध्ये जन्म, १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक, मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरी. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी त्यांना ‘सर’ केलं. १५ ऑगस्ट १९४७ ला राज्य बदललं, गव्हर्नर तेच राहिले. इतकंच नाही, तर फाळणीनंतर काही काळ ही एकच बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही सरकारांची मध्यवर्ती बँक होती! काश्मीरमध्ये लढाई पेटलेली असताना पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये दिल्लीने रोखून धरले, तेव्हा पाकिस्तानने बँक दिल्लीच्या दबावाखाली असल्याची तक्रार केली. गांधीजींच्या उपोषणादरम्यान, १५ जानेवारी १९४८ रोजी, रक्कम द्यायचा निर्णय झाला, तो सरकारने घेतला, बँकेने नव्हे. पाकिस्तानची जबाबदारी बँकेने ठरल्यापेक्षा तीन महिने आधी, ३० जून १९४८ ला सोडली. एकाच खुर्चीवरून दोन धन्यांची चाकरी किती अवघड, याचा असा नमुना दुसरा सापडणं कठीण.

१० ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत आयसीएस अधिकाऱ्यांना दिलेल्या हमीवर वाद झाला. ज्यांनी आम्हाला तुरुंगात डांबलं त्यांना संविधानात संरक्षण कशाला, असा अनेकांचा सूर होता. सरदार पटेल स्वतः वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेले, पण त्यांनी हमीची बाजू लढवली. माझे सचिव माझ्या मताविरुद्ध टिपण लिहू शकतात, मंत्री रागावेल म्हणून खरं मत न देणाऱ्याने खुशाल जावं, असा त्यांचा मुद्दा होता. संविधानातलं कलम ३११ आजही आहे : चौकशी करून बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय, काही अपवाद सोडता, सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही.

बडतर्फ करता येत नाही. बदली मात्र करता येते. आजींचा प्रश्न नेमका या फटीतून आला होता.

महाराष्ट्रात दीर्घकाळ काँग्रेसचंच राज्य असल्याने ही फट फारशी डोळ्यांत भरली नाही. १९९५ मध्ये युती आली, १९९९ मध्ये आघाडी, आणि बदल्यांचा हंगाम सरकारांच्या हंगामाशी जुळू लागला. अखेर १ जुलै २००६ पासून राज्याचा बदल्यांचा कायदा लागू झाला. एका जागी साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मेमध्ये, मध्येच करायची तर खास कारण लेखी नोंदवून वरिष्ठांची मंजुरी. कायदा चांगला आहे. पण ‘खास कारण’ हा दरवाजा एवढा रुंद निघाला की त्यातून सर्व पक्षांची सरकारं आरामात ये-जा करतात, आणि अधिकारी प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढतात. ३१ ऑक्टोबर २०१३ ला टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठराविक कार्यकाळाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली : तोंडी आदेशावर काम करू नका, तो नोंदवून घ्या.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र समजू नये. बर्लिनमध्ये नवा मंत्री वरच्या सचिवांना कारण न देता निवृत्तीवेतनावर घरी पाठवू शकतो. बायर्नमध्ये अशा राजकीय पदांचा वर्गच नाही, हे खरं. पण १९५७ मध्ये होएग्नर यांचं दुसरं सरकार गेल्यापासून इथे मुख्यमंत्री एकाच पक्षाचा आहे. सरकारच बदलत नाही, तर कसोटी कशी लागणार?

मुलीने आजीला हे सगळं सांगितलं नाही. तिने प्रशिक्षणात नुकताच शिकलेला एक नियम सांगितला. वरिष्ठांचा आदेश बेकायदा वाटला तर ते त्यांना सांगणं हे इथे नोकराचं कर्तव्य आहे, हक्क नव्हे. ते ऐकत नसतील तर त्यांच्या वरच्याकडे जायचं. त्यांनीही तेच सांगितलं तर काम करावं लागतं, पण आदेश लेखी मागता येतो आणि जबाबदारी आपल्यावर राहत नाही. तो आदेश म्हणजे गुन्हाच असेल, किंवा माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला असेल, तर मात्र तो पाळायचा नाही.

आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तुझे आजोबा हेच म्हणायचे. साहेब, लेखी द्या. म्हणून तर आमचं बिऱ्हाड सात वर्षांत चार गावं फिरलं.”